सासूचं दुसरं नाव

नंदुरबार जिल्ह्यातील समस्त केळीवाले, ऊसवाले, मोटरवाले आणि मोटर जळालेले यांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, काही वर्षांपूर्वी शहाद्यातल्या एका वर्कशॉपमध्ये एका सासूला दुसरं नाव देण्यात आलं. त्यामुळे तापीकाठच्या एका विहिरीवरची चांगली धडधाकट मोटर चहाच्या सुट्टीवर जाऊ लागली. या सगळ्या प्रकारात विजेचा, विहिरीचा, भुताखेताचा किंवा प्रस्तुत लेखिकेचा काडीमात्र दोष नव्हता. सबब, बसस्टँडसमोरच्या टपरीवर आजतागायत जी अफवा उकळत असते, की ‘बाईनं प्रोग्राम लिहिला म्हणून मोटर बिघडली’, ती या निवेदनाने रद्द समजावी. हुकमावरून. हुकूम माझाच आहे.

आता ज्यांना यातलं काहीच कळलं नाही त्यांनी घाबरू नये. मलाही ते कळायला बराच वेळ लागला होता, आणि मला तर त्याचा पगार मिळत होता.

माझं शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाचं. नोकरी हिरालालशेठच्या वर्कशॉपमध्ये. शेठ मोटरींचे स्टार्टर बनवायचे आणि मी त्या स्टार्टरच्या डब्यात बसणाऱ्या चिपचा प्रोग्राम लिहायचे. आमच्या भागात शेतीची लाइट कधी येईल आणि कधी जाईल हे देवालाही विचारून उपयोग नसतो. पूर्वी माणूस खाटेवरून उठून, बॅटरी घेऊन, सापाविंचवाला चुकवत विहिरीवर जायचा आणि बटण दाबायचा. आमचा डबा लावला की लाइट आल्यावर मोटर आपोआप सुरू. झोपा खुशाल.

पण खुशाल झोपण्यात एक गोम आहे. मोटर चालू राहिली आणि विहिरीतलं पाणी संपलं, तर मोटर वारा ओढत राहते, तापते आणि जळते. म्हणून डब्याला एवढी तरी अक्कल हवी की पाणी संपलं हे त्याला कळावं. ते कळतं कसं? माल उतरवून रिकामी झालेली बैलगाडी जशी हलकी पळते, तसं पाणी संपलं की मोटरीवरचा भार उतरतो आणि ती करंट कमी ओढते. करंट कमी झाला की मोटर बंद करायची. झालं! असं मलाही पहिल्या वर्षी वाटलं होतं.

तसं केलं की मोटर ऊठसूट बंद पडते. कारण पाइपात मध्येच हवेचा एखादा बुडबुडा येतो, भार क्षणभर उतरतो आणि पुन्हा चढतो. प्रत्येक बुडबुड्याला घाबरून कसं चालेल? तेव्हा डब्यानं बघत राहायचं. करंट कमी झाला की मनात मोजायला सुरुवात करायची. पाणी परत आलं तर मोजलेलं सगळं विसरायचं. नाही आलं आणि मोजणी ठरलेल्या आकड्याला पोचली, की एकदाच काय ते बोलायचं: बंद!

हे मी लिहीत होते तेव्हा मला माझ्या सासूबाई दिसत होत्या. माझ्या हातून कपाची बशी फुटली तर त्या काही बोलायच्या नाहीत. बघायच्या. दुसऱ्या दिवशी मी दुधाकडे नीट लक्ष दिलं तर बशी माफ. पण लागोपाठ दूध उतू गेलं, आमटी खारट झाली आणि पापड करपला, तर पापडाच्या वेळी त्या एकच वाक्य बोलायच्या आणि त्या वाक्यात बशीसकट सगळं यायचं. म्हणून त्या मोजणीच्या जागेला मी नाव दिलं: सासू.

गिऱ्हाइकांना या सासूचा पत्ता नव्हता. त्यांना डबा म्हणजे डबा. एकानं दृष्ट लागू नये म्हणून लिंबू-मिरची थेट डब्यातल्या तारांना बांधली आणि लिंबाचा रस आत उतरल्यावर ‘तुमचा माल कच्चा’ म्हणून भांडायला आला. दुसऱ्यानं थंडीत डब्याला गोधडी गुंडाळली. तिसऱ्यानं तर फोन करून विचारलं होतं, की मेहुणा यायच्या वेळी मोटर आपोआप बिघडेल असं काही बसवता येईल का, म्हणजे त्याच्या शेताला पाणी द्यावं लागणार नाही. त्याला मी नाही म्हटलं, पण रात्रभर विचार केला. बसवता आलं असतं.

आता रजिस्टर म्हणजे काय ते सांगते. शाळेतलं हजेरीचं रजिस्टर नव्हे. चिपच्या पोटात अगदी छोट्या जागा असतात, मसाल्याच्या डब्यातल्या वाट्यांसारख्या. प्रत्येक वाटीत एकच आकडा मावतो. चिपला या वाट्या नंबरानं माहीत असतात: शून्य नंबरची वाटी, एक नंबरची, दोन नंबरची. पण स्वयंपाक करताना कोणी ‘चार नंबरच्या वाटीतलं चिमूटभर’ म्हणतं का? आपण हळद म्हणतो. तसंच आम्ही वाट्यांना नावं देतो. हा ‘फेज’, हा ‘टाइम’, ही ‘सासू’. मी लिहिलेल्या ओळी चिपच्या भाषेत करून देणारा एक दुभाष्या असतो, त्याला असेंबलर म्हणतात. माझी नावं वाचायची आणि प्रत्येक नावाच्या जागी बरोबर वाटीचा नंबर घालायचा हे त्याचं काम. दुभाष्यानं चुकीचं सांगितलं तर दोन्हीकडच्या माणसांची भांडणं होतात आणि दुभाष्या मात्र मध्ये बसून सुपारी खातो. आमचा असेंबलर पुण्याच्या एका गृहस्थांनी एकट्यानं लिहिलेला होता. स्वस्त आणि सुटसुटीत. माझा त्याच्यावर जीव होता.

डबा तयार झाला आणि आम्ही पहिला नमुना तापीकाठच्या जगनभाऊच्या विहिरीवर लावला. जगनभाऊ म्हणजे केळीतला दर्दी माणूस. केळीच्या पानाला हात लावून तिला ताप आहे का ते सांगायचा. त्याच्याकडे डबा झकास चालला. एक पूर्ण महिना सासूनं विहीर सांभाळली आणि जगनभाऊ घोरत पडला.

इथे बोरसेसाहेब येतात. पाणीवाटपाचं काम करणाऱ्या एका सहकारी संस्थेचे ते इंजिनियर. सभासदांच्या विहिरींवर आमचे डबे बसवायचे की बाहेरचे, हे त्यांच्या शेऱ्यावर ठरणार होतं. शेठच्या दृष्टीनं ते साक्षात सणासुदीचं गिऱ्हाईक होतं. साहेब वर्कशॉपमध्ये आले, खुर्ची रुमालानं पुसून बसले आणि बोलायला लागले. त्यांची मराठी इतकी इस्त्रीची होती की ऐकताना आपलीच कॉलर ताठ व्हावी. त्यांनी माझा प्रोग्राम वाचला, अगदी ओळीनं, आणि त्याबद्दल मी त्यांना आजही मानते. मग बोट ठेवून म्हणाले, “सदर ठिकाणी ‘सासू’ असा शब्द आढळतो. हे काय आहे?”

“सर, ती सासूच आहे,” मी म्हटलं, आणि सगळं समजावून सांगितलं.

“कल्पना रोचक आहे. परंतु उद्या तुम्ही नसाल, मीही नसेन. दुसऱ्या इंजिनियरनं यातून काय समजायचं?”

“लग्न झालेला असेल तर लगेच समजेल.”

“आणि नसेल तर?”

“तर सर, त्याला आगाऊ सूचना मिळेल.”

शेठ हसले. साहेब हसले नाहीत. “इंग्रजी नाव द्या. ‘ड्रायकाउंट’ द्या. त्यानंतरच होळीच्या सुमारास शेतावर अंतिम चाचणी घेऊ.”

आता आमच्याकडे माणसाला दोन नावं असतातच. एक दाखल्यावरचं आणि एक ओट्यावरचं. मी दाखल्यावर सुलोचना, पण अख्खं शहादं मला बेबीताई म्हणतं. माझ्या दिराच्या नावानं एकदा पोस्टमन आला होता. ‘सुरेश कुठे राहतात?’ म्हणून त्यानं गल्लीभर विचारलं. सगळ्यांनी मनापासून सांगितलं की असा कोणी इथे राहत नाही. आमचा पप्पू ओट्यावर बसून हे ऐकत होता, आणि पोस्टमन गेल्यावर म्हणाला, “अरे, सुरेश तर मीच!” तेव्हा सासूला दाखल्यावरचं आणखी एक नाव देण्यात मला काहीच अपमान वाटला नाही. असेंबलरच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलं होतं, की एका रजिस्टरला हवी तितकी नावं द्या. मी प्रोग्रामच्या वरच एक ओळ वाढवली: जिला सासू म्हणतात तिलाच ड्रायकाउंट म्हणावं. मोजणी वाढवायच्या ओळीत ड्रायकाउंट लिहिलं, म्हणजे साहेबांचं समाधान. आणि मोजणी तपासायच्या ओळीत सासू राहू दिली, म्हणजे माझं समाधान. नवी चिप भरली आणि जगनभाऊच्या डब्यात बसवून आले.

दुसऱ्याच दिवशी जगनभाऊचा फोन आला.

“ताई, तुमनी मोटर चाय पेवाले जास का?”

“म्हंजे?”

“म्हंजे मी चुल्हावर चाय ठेवस, चाय उकळस, मी गाळस, पेस, तोपावत मोटर बंद! मंग बठस आराम करत. मंग आपेआप चालू. पुन्हा चाय ठेवी, पुन्हा बंद! मन्हा मजूरबी इतला टाइमवर चाय पेत नहीत.”

विहिरीला पाणी भरपूर होतं. लाइट ठणठणीत होती. आम्ही मोटर तपासली, तारा तपासल्या, डबा बदलला. नव्या डब्यात नवी चिप, आणि मोटर पुन्हा चहाला. वर्कशॉपच्या टेबलावर मात्र सगळं सुरळीत चालायचं, कारण टेबलावरची आमची चाचणी चहा उकळायच्या आतच संपायची. जगनभाऊच्या केळीला ठिबकनं पाणी जायचं, तेही आता थांबत थांबत. ऊन वाढत होतं. रोज फोन यायचा आणि रोज आवाज चढायचा. “केळी सुकी ऱ्हायनी ताई! तुमना डबा काढीसन इहीरमां फेकी दिसू!”

शेठ माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. “ताई, महिनाभर डबा चांगला चाले. मंग तुमनी काय बदलं?”

“एक नाव वाढवलं. बाकी काही नाही.”

“नाव वाढाडं म्हनीसन मोटर बंद पडस का?”

हे मला स्वतःलाही पटत नव्हतं. शेठ वाईट माणूस नव्हते, पण घाबरलेले होते, आणि घाबरलेला मालक वाईट मालकापेक्षा जास्त नुकसान करतो. त्यांनी सांगून टाकलं, की होळीची चाचणी फसली तर पुढचे प्रोग्राम बाहेरून तयार आणायचे. मग मी काउंटरवर बसून फ्यूज आणि केबल विकायची. पगार तोच. ‘पगार तोच’ हे शब्द त्यांनी दयेनं उच्चारले आणि तेच मला सगळ्यात जास्त झोंबले. गावात तोवर निकाल लागलेला होताच. टपरीवर लोक म्हणायचे, बाईनं सासूचं नाव घालून प्रोग्राम लिहिला, मग मोटर रुसणार नाही तर काय?

मी डोकं लावलं ते जगनभाऊच्या चहावर. हे बघा, लाइट बिघडवते ती वेळीअवेळी बिघडवते. विहीर दगा देते ती तिच्या मर्जीनं. उंदीर तार कुरतडतो तो भूक लागेल तेव्हा. शेतातली कुठलीच अडचण घड्याळ बघून येत नाही. मग ही का येते? जे ठरलेल्या वेळेला बिघडतं त्याच्या मागे कोणीतरी मोजत बसलेलं असतं. आणि माझ्या प्रोग्राममध्ये मोजणाऱ्या दोनच जागा होत्या. एक सासू. दुसरी शून्य नंबरची वाटी, जिच्यात मी मोटर सुरू झाल्यापासूनचा वेळ ठेवत होते.

मी सगळा प्रोग्राम बाजूला ठेवला आणि अगदी इवलासा नवा लिहिला. एका वाटीला एक नाव दिलं. त्याच वाटीला दुसरं नाव दिलं. दुसऱ्या नावानं वाटीत एक आकडा ठेवला आणि पहिल्या नावानं विचारलं, काय आहे गं तुझ्यात? उत्तर आलं ते भलतंच. मग मी शून्य नंबरच्या वाटीत मुद्दाम एक वेगळा आकडा ठेवला आणि पुन्हा पहिल्या नावानं विचारलं. चिपनं मला तोच आकडा सांगितला. मी खुर्चीतून उठून टेबलाभोवती एक गिरकी घेतली. त्या वयाच्या बाईनं अशी गिरकी घेतली तर खुर्ची पडते. पडली.

झालं होतं असं. असेंबलर नावांची यादी ठेवतो आणि प्रत्येक नावापुढे वाटीचा नंबर लिहितो. त्याच वाटीला दुसरं नाव दिलं की तो नंबर नव्या नावापुढे लिहायचा आणि जुन्या नावापुढचा पुसून टाकायचा. जुनं नाव यादीत तसंच, पण त्याच्यापुढे घर नंबर नाही. बरं, नाव अनोळखी असतं तर त्यानं ओरडून सांगितलं असतं. पण हे ओळखीचं! म्हणून तो मुकाट पुढे जायचा, आणि पुसलेल्या जागेला शून्य समजून शून्य नंबरच्या घराचं दार वाजवायचा. माझी बिचारी सासू ड्रायकाउंट नावानं एका वाटीत बसून होती आणि तिचा सल्ला कोणी घेतच नव्हतं. सासू म्हणून ज्याला विचारलं जात होतं ते होतं घड्याळ! घड्याळ आपलं पुढे सरकायचं, सासूला ठरवून दिलेल्या आकड्याला पोचायचं आणि मोटर बंद. मग विहीर भरावी म्हणून नेमलेली विश्रांती, मग पुन्हा सुरू. चहा!

पुण्याला फोन लावला. गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “एका रजिस्टरला दोन नावं? पण का?”

“सर, तुमच्या मॅन्युअलमध्ये चालतं म्हणून लिहिलंय.”

“लिहिलंय, हो. पण प्रत्यक्षात असं कोणी करत नाही.”

“सर, मी प्रत्यक्षातूनच बोलतेय.”

मग म्हणाले, “हे बघा, एक नाव काढून टाका. ड्रायकाउंट ठेवा. चांगलं नाव आहे.”

“सर, घरी तुम्हाला काय म्हणतात?”

“त्याचा काय संबंध?”

“सांगा तर खरं.”

“…बंडू.”

“मग तुमच्या आईनं बंडू म्हणून हाक मारली आणि भलताच माणूस ‘ओ’ देत घरात शिरला, तर तुम्ही आईला नाव बदलायला सांगाल की दाराला कडी लावाल?”

ते इतके हसले की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. “दुरुस्त करतो,” म्हणाले, “पण नीट करायला वेळ लागेल. होळीच्या आत नाही व्हायचं.”

म्हणजे होळीच्या आत मला एका नावावर भागवायचं होतं. शेठना वाटलं, सुटलो. “मंग काढी टाका सासूले! साहेब बी खूश.”

सोपं होतं. एक शब्द पुसायचा. पण वाचकहो, का पुसायचा? इतक्या वर्षांत मला कितीतरी जणांनी सांगितलं, की बाकी ठीक आहे, फक्त एवढं तुमच्याकडचं काढा. तुमच्याकडचा हेल काढा, तुमच्याकडचा शब्द काढा, डब्यावरचं गावाचं नाव काढा, माल पुण्याचा वाटला पाहिजे. दरवेळी एवढंसंच. आणि इथे तर चूक माझ्या नावाची नव्हतीच. सासू आधीपासून त्या घरात होती आणि महिनाभर तिनं बिनचूक काम केलं होतं. पाहुणी म्हणून आलेल्या ड्रायकाउंटसाठी तिला घराबाहेर काढायचं? शेतात उभं राहून, एका कानाला फोन, दुसऱ्या कानात शेतकऱ्याची ओरड, अशा वेळी ‘ड्रायकाउंट’ वाचून मला काहीही दिसत नाही. सासू वाचलं की ती समोर पाटावर बसलेली दिसते. मी काम करते ते दिसल्यावर. न दिसता नाही.

मी ड्रायकाउंट पुसलं.

शेठनी कपाळाला हात लावला. “साहेब दखतीन!”

“दखू द्या.”

“आनी नापास करं तर?”

“तर उद्यापासून मी काउंटरवर. फ्यूज विकते, केबल विकते, वर गिऱ्हाइकाला चहा पाजते. पण डबा सासूच घेऊन जाईल.”

चाचणीला गेलो तेव्हा जगनभाऊच्या शेतात चिटपाखरू नव्हतं. त्याचे सगळे मजूर सातपुड्यातले. होळी म्हटली की डोंगरातल्या काठी गावच्या होळीची वाट धरायचे, आणि मग आठवडाभर केळीबागेत मालकच मजूर. विहिरीवर आम्ही चौघंच: शेठ, जगनभाऊ, बोरसेसाहेब आणि मी. जगनभाऊनं आल्या आल्या बजावलं, “ताई, आज माले मोटर चालू करत बसाले मानूस नही शे. डबा चालना नही तर केळी गई.”

साहेबांनी लॅपटॉप मांडीवर घेतला. कपाळावर आठी पडली.

“सासू अजूनही येथेच आहे. ड्रायकाउंट कुठे गेलं?”

“माहेरी गेलं, सर.”

“ही थट्टा नाही. मी लेखी नापसंती नोंदवू शकतो.”

“नोंदवा सर. पण आधी मोटर बघा. मोटर नापास झाली तर मला नापास करा. नावासाठी नापास करायचं असेल, तर मग माझी दाखल्यावरच्या नावानंच नोंद घ्या, ते सुलोचना आहे.” मी हे बोलले आणि पदर खोचून डब्यापाशी जाऊन उभी राहिले.

साहेबांनी लॅपटॉप मिटला. “चालू करा.”

मोटर सुरू झाली. ठिबकच्या नळ्या फुगल्या. जगनभाऊनं तीन दगडांवर चहा ठेवला आणि आम्ही सगळे चहाकडे असं बघत बसलो जसं कोणी बाळंतिणीच्या खोलीच्या दाराकडे बघतं. चहा उकळला. गाळला. प्यालो. मोटर चालूच. जगनभाऊनं हट्टानं दुसरा चहा ठेवला. तोही प्यालो. मोटर चालूच! शेठनी देवाचं नाव घेतलं. अर्धी परीक्षा झाली होती.

उरलेली अर्धी म्हणजे पाणी संपू द्यायचं. फाल्गुनातली विहीर, झरे मंद. पाणी उतरत उतरत गेलं आणि तळाशी पाइपाचं तोंड उघडं पडलं. मोटरीचा आवाज बदलला. आधी घुर्रर्र, मग खरवडल्यासारखा. सासूनं मोजायला सुरुवात केली असणार, हे एकट्या मला माहीत. तेवढ्यात झऱ्याचं थोडं पाणी आलं, मोटरीनं एक घोट घेतला आणि सासूनं मोजलेलं सगळं विसरून टाकलं. मग पुन्हा खरखर. पुन्हा घोट. पुन्हा विसर. आणि मग खरखर सुरू झाली ती थांबेचना.

इथे मी मुद्दाम थांबते आणि पुढचं आधी सांगून टाकते, म्हणजे माझ्यावर उगाच ताण आणल्याचा आरोप नको. आम्ही चाचणीत पास झालो. संस्थेच्या सभासदांच्या विहिरींवर आमचे डबे लागले आणि मी काउंटरवर बसले नाही. बोरसेसाहेबांनी शेऱ्यात ‘नाव’ या विषयावर एक अक्षर लिहिलं नाही. पुण्याच्या गृहस्थांनी असेंबलर दुरुस्त केला आणि फोन करून सांगितलं, की नवा असेंबलर बाहेर पाठवण्यापूर्वी ते एक परीक्षा घेतात, त्यात एका वाटीला दोन नावं असतात, आणि त्यातलं एक सासू. दुरुस्त असेंबलर आल्यावर मी ड्रायकाउंटला माहेराहून परत आणलं. दोघी गुण्यागोविंदानं नांदल्या. घरी माझ्या खऱ्या सासूबाईंना कोणीतरी चहाडी केली, की तुमच्या सुनेनं तुम्हाला तापीकाठच्या विहिरींवर राखणीला बसवलंय. त्या काही बोलल्या नाहीत. बघत राहिल्या. मोजत राहिल्या असणार. चार दिवसांनी पापड भाजताना म्हणाल्या, “मंग मन्हा पगार कोठे शे?”

आता ते वर्कशॉप तसं राहिलेलं नाही. डबे बाहेरून तयार येतात, मोबाइलवर चालतात आणि त्यांच्या आत कोण बसलंय ते कोणालाच उघडून बघता येत नाही. शेठ दुकानात पंख्याखाली बसतात. मी दुरुस्त्या करते. कधी एखादा जुना डबा येतो, मी तो उघडते आणि आतल्या चिपला विचारते, काय सासूबाई, बऱ्या आहात ना? एवढ्या वर्षांत त्या डब्यांवर ना आमच्या गावाचं नाव आलं, ना माझं. दाखल्यावरचंही नाही आणि ओट्यावरचंही नाही. तेवढं एक मनाला लागतं.

तर, विहिरीवर.

खरखर थांबेना. पाइप थुंकायला लागला. मोटरीच्या अंगाला वास सुटला असं शेठना वाटलं, मला तसं मुळीच वाटलं नाही. शेठ मेन स्विचकडे धावले. मी आडवी आले. “हात लावायचा नाही!”

“ताई, मोटर मन्ही शे वं!” जगनभाऊ कळवळला.

“मोटर तुमची, पण सासू माझी. थांबा!”

एक एक क्षण ताणत चालला होता. माझी सगळी नोकरी, माझी खुर्ची, माझा हट्ट, सगळं त्या डब्यातल्या एका वाटीत होतं आणि ती वाटी सावकाश भरत होती. मी बोरसेसाहेबांकडे बघितलं. साहेब उभे राहिले होते. कपाळावर घाम. इस्त्रीच्या शर्टाची बाही वर सरकलेली. ते मूळचे आमच्याच भागातल्या धानोऱ्याचे, हे आम्हाला तोवर माहीत नव्हतं. त्यांनीही दिवसभरात, नव्हे ओळख झाल्यापासून, तसं जाणवू दिलं नव्हतं.

आणि मग दोन गोष्टी एकदम झाल्या. त्यातली आधी कोणती आणि नंतर कोणती यावर टपरीवर अजून वाद चालतो. काही म्हणतात मोटर माझ्या प्रोग्राममुळे थांबली, काही म्हणतात साहेबांच्या ओरडण्याला घाबरून थांबली. एकीकडे डब्यात खट्ट् आवाज झाला, मोटर गप्प झाली आणि अख्ख्या केळीबागेत एकदम शांतता पसरली. दुसरीकडे, संस्थेचे इंजिनियर श्रीमान बोरसेसाहेब डब्यासमोर दोन्ही हात जोडून, गळ्याच्या शिरा ताणून, जिवाच्या आकांतानं ओरडले होते,

“अवं सासूमाय, तुन्हा पाया पडस, आते तरी बोल ना वं!”